वाचकांचे प्रश्न: कूलर, लॅकर अन् पप्पांची मारुती

मागच्या वेळी छोट्या मॉडेल गाड्यांवर दोन पानं लिहिली होती, त्यावर नागपुरातूनच इतके प्रश्न आले की या वेळचा पूर्ण कॉलम त्यांनाच दिला. काही प्रश्न चार-चार जणांनी तेच विचारले, ते एकत्र केलेत. (१/२४ म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं, बाकीचे आकडेही तसेच वाचा.) काहींना दोन ओळीत उत्तर पुरतं, काहींना नाही पुरत, ते वाचताना दिसेलच.

प्रश्न: भाऊ, मी मनीषनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. मे महिन्यात १/२४ ची पहिली किट बांधली, बॉडीला कॅनने काळा लॅकर मारला. घरात मारला तर वाळल्यावर पांढरट धूर बसल्यासारखा झाला, मग सगळा काढून गच्चीवर दुपारी मारला तर पॉलिश पेपरसारखा खरबरीत झाला. कॅनमध्ये खराबी आहे का? दुसऱ्या कंपनीचा घेऊ का?

उत्तर: कॅन चांगलाय, दुसरा घेऊ नको, पैसे वाचव. दोन्ही वेळा घोळ हवेचा आहे, अन् तोही दोन उलट्या प्रकारचा, म्हणून तू गोंधळला.

घरातलं आधी. तू लिहिलं नाहीस पण मी सांगतो, कूलर चालू होता. मे महिन्यात नागपुरात कोणाच्या घरी कूलर बंद असतो! लॅकरमधलं थिनर उडतं तेव्हा ते पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, बॉडी क्षणभर थंड पडते, अन् खोलीतल्या हवेत पाणी जास्त असेल तर ते त्या ओल्या रंगावर दवासारखं बसतं अन् आत अडकतं. तोच पांढरट धूर, याला ब्लशिंग म्हणतात. बाकी देशातल्या लोकांना हा त्रास पावसाळ्यात होतो, आपल्याला उन्हाळ्यातही होतो कारण आपण कूलरच्या ओल्या ताटीतून हवा ओढून ओढून खोलीत भरून राहिलो असतो. बाहेर दुपारी हवा कोरडी ठाक अन् आत दमट, एकाच घरात दोन ऋतू.

आता गच्ची. दुपारी पंचेचाळीस डिग्रीत रंगाचा थेंब नोझलमधून निघून बॉडीपर्यंत पोचायच्या आधीच अर्धा वाळतो, अन् मग पावडरसारखा जाऊन चिकटतो, पसरतच नाही. त्याला ड्राय स्प्रे म्हणतात, खरबरीतपणा तिथून आला.

तर उन्हाळ्यात रंग मारायची वेळ एकच, सकाळी साडेपाच ते सात, गच्चीवर किंवा बाल्कनीत, वारा सुटायच्या आधी. आत मारायचा असेल तर कूलर किमान एक तास आधी बंद कर अन् खिडक्या उघड, पाण्याचा वास गेला पाहिजे. तापमान अन् दमटपणा दाखवणारं छोटं डिजिटल मीटर स्वस्तात मिळतं, ते घेऊन टाक, या छंदात माझी सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच आहे, दमटपणा साठच्या वर दिसला तर मी कॅनला हातच लावत नाही. पावसाळ्यात तर जुलै-ऑगस्टचे कितीतरी दिवस नुसते घासायला अन् जोडायलाच वापरतो, रंगाचं काम पोळा झाल्यावर.

अजून एक, अन् हे खरंच मनावर घे. कॅन गच्चीवर उन्हात किंवा पार्क केलेल्या गाडीत विसरू नको. त्यावर पन्नास डिग्रीची मर्यादा लिहिलेली असते अन् आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत ती सहज ओलांडते, कॅन फुटू शकतो. आणि तोंडाला साधा कपड्याचा किंवा धुळीचा मास्क लावून लॅकर मारू नको, तो थिनरची वाफ अडवत नाही, कार्बनचे फिल्टर असलेला मास्क लागतो.

झालेली बॉडी फेकू नको. पुन्हा कधी पांढरट झालं तर रंग काढू नको, त्यावर कोरड्या दिवशी सावकाश वाळणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला तर रंग परत मऊ होतो अन् अडकलेलं पाणी निघून जातं, पण एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं छोटं यंत्र, पाहिजे. नसेल तर, अन् आताच्या खरबरीत बॉडीलाही, १५००-२००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून घास अन् वरून सकाळी पातळ हात मार.

प्रश्न: काचा चिकटवल्या अन् दुसऱ्या दिवशी काचेवर आतून पांढरे डाग. फेविक्विक वापरलं होतं. (सक्करदरा, महाल अन् अजून दोन ठिकाणांहून)

उत्तर: त्या गमाची वाफ उडते अन् काचेवरच्या बोटांच्या ठशांवर जाऊन जमते. काचेला नेहमी साधं पांढरं फेविकॉल, दाताच्या काडीनं लावायचं, वाळल्यावर पारदर्शक होतं, अन् चुकलं तर ओल्या कापडानं पुसता येतं. बॉडीच्या प्लास्टिकला मात्र प्लास्टिक सिमेंटच, कारण ते चिकटवत नाही, दोन्ही तुकडे विरघळवून एकजीव करतं. म्हणूनच ते रंगावर किंवा क्रोमवर धरत नाही, जोडायच्या जागेवरचा रंग आधी खरवडून काढा.

किटचे तुकडे ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्या उरलेल्या कांड्याही फेकू नका. बारीक तुकडे करून सिमेंटच्या अर्ध्या बाटलीत टाकून दोन दिवस ठेवले की त्याच प्लास्टिकची लापशी होते, फटी भरायला यासारखं दुसरं काही नाही.

प्रश्न: नमस्कार. मी खामल्याला राहते. पप्पा डिसेंबरमध्ये रिटायर होऊन राहिले. आमच्याकडे १९९६ ची पांढरी मारुती ८०० होती, २०११ ला विकली, पप्पा अजूनही तिचं नाव काढतात. मला तिचं मॉडेल बनवून त्यांना द्यायचं आहे. ऑनलाइन मिळतात त्या खेळण्यातल्या वाटतात. मी याआधी फक्त एक किट बांधली आहे. चार-पाच फोटो आहेत. जमेल का?

उत्तर: ताई, जमेल, अन् मी म्हणेन हेच बनवा. लोक पहिल्या कमाईतून विदेशी सुपरकारच्या किट आणतात, छान असतात त्या, मी पण बांधतो, पण त्या गाडीत कधी बसलोच नसतो ना आपण. दार लावताना आवाज कसा येतो माहीत नाही, मागच्या सीटवर गुडघे कुठे लागायचे माहीत नाही. ज्या गाडीत झोपून तुम्ही पचमढीहून परत आला असाल, तिचं मॉडेल बनवताना हात आपोआप नीट चालतो, हे मी पाचसहा जणांकडून ऐकलंय अन् माझाही अनुभव तोच.

माप आधी ठरवा. १/२४ घ्या. खरी ८०० लांबीला ३३३५ मिलिमीटर, रुंदीला १४४०, उंचीला १४०५, अन् दोन चाकांच्या मधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २१७५. सगळ्याला २४ नं भागा, लांबी १३९, रुंदी ६०, उंची साडेअठ्ठावन, व्हीलबेस ९०.६ मिलिमीटर. म्हणजे गाडी तुमच्या तळहातावर मावेल.

आता फोटोंची युक्ती. ज्या फोटोत गाडी एकदम बाजूनं, सरळ दिसते तो घ्या, अन् झेरॉक्सवाल्याकडे असा लहान-मोठा करून प्रिंट काढा की दोन्ही चाकांच्या मध्यातलं अंतर बरोबर ९०.६ भरेल. बस, आता त्या कागदावर दाराचं हँडल, खिडकीची पट्टी, सगळं १/२४ मध्येच आहे, पट्टी लावून मोजा. फोटो जवळून काढलेला असेल तर टोकं वाकडी दिसतात, तेव्हा रस्त्यावर अजून चालणारी एखादी ८०० शोधा, मालकाला विचारा अन् दूर उभं राहून झूम करून काढा. मी विचारलेल्या एकाही ८०० वाल्यानं नाही म्हटलं नाही, उलट बॉनेट उघडून दाखवलं.

चाकं. इथे सगळे चुकतात. गाडी चौकोनी असल्यामुळे बॉडी जमते अन् चाकं मोठी लावल्यामुळे सगळी गाडी खोटी दिसते. टायरवर लिहिलं असतं १४५/७० आर १२, त्याचा हिशोब असा: १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्यात वर अन् खाली १४५ चे सत्तर टक्के म्हणजे १०१.५ दोनदा, एकूण ५०८ च्या आसपास, भागिले २४, म्हणजे २१ मिलिमीटर. दुसऱ्या किटमधली स्पोर्ट्स कारची चाकं पंचवीस-सव्वीसची असतात, ती लावू नका. खेळण्यांच्या दुकानात पट्टी घेऊन जा अन् २१ चं, ६ मिलिमीटर रुंद चाक शोधा. मध्ये तो साधा स्टीलचा रिम अन् प्लास्टिकचा व्हीलकप, तुमच्या पप्पांच्या गाडीला होता की पडला होता ते फोटोत बघा, आमच्या शेजारच्यांचा एक कायम पडलेलाच होता.

बॉडीला १ मिलिमीटरची स्टायरिन शीट (किटच्याच प्लास्टिकची) ऑनलाइन मागवा, नाही मिळाली तर सीताबर्डीत स्टेशनरी अन् आर्टच्या दुकानात पातळ सनबोर्ड मिळतो. एकेक बाजू सपाट कापायची, खिडक्या कापायच्या, अन् आत आडव्या पट्ट्या देऊन डब्यासारखी जोडायची. बॉनेटला अन् छताला जो हलका फुगवटा आहे तो दोन थर चिकटवून घासून काढायचा. राहिलेला खड्डा गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडची लाल पुट्टी भरेल, पण ती एकदम पातळ लावा अन् रात्रभर ठेवा, जाड लावली तर वरून वाळते अन् आठवड्यानं खाली बसते. दाराच्या रेषा ब्लेडच्या पाठीनं ओढा, पात्यानं नाही. खऱ्या गाडीत ती फट चार-पाच मिलिमीटरची, म्हणजे तुमच्याकडे फक्त ०.२, दोनदा हलका हात फिरवला की झालं.

बारीक कानस अन् हातानं फिरवायचं ड्रिल इतवारीत सराफा लाइनच्या बाजूला सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात बघा, हॉबीच्या नावाखाली विकतात त्याच वस्तू तिथे स्वस्त अन् जास्त टिकाऊ मिळतात. काचेला एखाद्या पॅकिंगचा पारदर्शक प्लास्टिक पुरेल.

रंगाला गाडीच्या स्पेअर पार्टवाल्याकडचा टच-अप घेतला तर शेड बरोबर ८०० चीच मिळेल. पण तो रंग उघड्या प्लास्टिकला खातो, आधी प्रायमरचे दोन हात, मग रंगाचे तीन-चार एकदम कोरडे पातळ हात, पाचपाच मिनिटांनी. अन् मी त्यात क्रीमचा एखादा थेंब टाकतो, कारण छोट्या वस्तूवर कडक पांढरा प्लास्टरसारखा दिसतो, लांबून बघितलेल्या गाडीचा पांढरा थोडा मऊच असतो.

बाकी ज्या गोष्टींनी ती तुमची गाडी होईल त्या कोणत्याच ड्रॉइंगमध्ये नसतात. डॅशबोर्डवरचा गणपती, मागच्या काचेवर काय लिहिलं होतं, छतावर कॅरिअर होता का, डाव्या बाजूला कुठे घासली होती. आईला विचारा, पप्पांना कळू न देता. नंबर प्लेट नक्की करा, अर्धवट नाही, पूर्ण एमएच ३१ सकट. खरी लांब प्लेट ५०० बाय १२० ची, म्हणजे तुमची साधारण २१ बाय ५, नियमानं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, तुमचं २.७. तेव्हाच्या प्लेटा पेंटर हातानं रंगवायचे, त्या अक्षराला स्वतःचं वळण असायचं, फोटोत दिसत असेल तर कॉम्प्युटरचा फॉन्ट टाकू नका.

रोज एक तास धरला तर चार महिने लागतील. रंग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, नागपुरात त्यासारखी हवा नाही.

प्रश्न: १/१८, १/२४, १/४३, १/६४... हे आकडे कोणी ठरवले? ४३ कशाला, ४० का नाही?

उत्तर: रेल्वेनं अन् इंचानं. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, इंग्रजी पट्टीवर सोपं. १/४३ आलं खेळण्यातल्या ओ गेज (रुळांचं एक ठरलेलं माप) रेल्वेमुळे, तिथे इंग्लंडमध्ये एका फुटाला ७ मिलिमीटर धरायचे, स्टेशनबाहेर उभ्या करायला त्याच मापाच्या गाड्या लागल्या अन् आकडा तसाच राहिला. १/६४ हे १/३२ चं अर्ध. हॉट व्हील्स १९६८ ला आली, ती १/६४ म्हणून ओळखली जाते पण प्रत्येक गाडी बरोबर त्या मापाची नसते, कारण ट्रक असो की छोटी गाडी सगळं साधारण एकाच आकाराच्या पॅकिंगमध्ये बसवायचं असतं. म्हणून कपाटात शेजारी ठेवल्यावर काही विचित्र दिसतात, तुमच्या डोळ्यांची चूक नाही.

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. हॉट व्हील्स खोलून, रंग काढून पुन्हा रंगवायच्या म्हणतो, व्हिडिओ बघून घरात कॉस्टिक सोडा मागून राहिला. करू देऊ का? (वर्धमाननगर)

उत्तर: ताई, छंद करू द्या, कॉस्टिक अजिबात देऊ नका. त्या गाड्यांचा धातू मुख्यतः जस्ताचा मिश्रधातू असतो, कॉस्टिक जस्ताला अन् ॲल्युमिनियमला खातं, गॅस निघतो, गाडीही खराब अन् पोराच्या डोळ्याला धोका वेगळा. बाजारातलं पेंट रिमूव्हरही चामडी जाळतं, ते मोठ्यांनी, बाहेर, हातमोजे अन् चष्मा घालून करायचं काम आहे.

खोलायचं असेल तर खालच्या दोन रिव्हेटांवर मधोमध ३ मिलिमीटरचं ड्रिल फक्त डोकं उडेपर्यंत चालवायचं, पप्पांनी किंवा तुम्ही, गाडी हातात न धरता शिकंज्यात धरून. परत जोडायला त्याच खांबात १.६ चं भोक अन् २ मिलिमीटरचा स्क्रू.

पण पहिले दोन महिने खोलू नका. न खोलताच हेडलाइट चंदेरी पेननं, मागचे दिवे लाल, ग्रिलमध्ये काळा पातळ रंग सोडून वरून पुसायचा, इतकं केलं तरी गाडी ओळखू येत नाही. तुमच्याकडे तान्हा पोळ्याचा लाकडी बैल असेल ना, तो दरवर्षी रंगवायला अन् सजवायला त्यालाच द्या. शिंगाला सरळ रेघ मारता आली की बंपरलाही येते. जपानातली तामिया कंपनी १९४६ ला लाकडाच्या धंद्यातूनच सुरू झाली, लाकडी मॉडेल करता करता १९६० ला पहिली प्लास्टिक किट काढली. लाकडापासून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: मित्राकडे थ्रीडी प्रिंटर आहे. त्यावर अलॉय व्हील अन् बॉडी काढली तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण पीएलएची (साध्या थ्रीडी प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात ते प्लास्टिक) बॉडी नागपुरात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ते साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं. मी एका मित्राला ॲम्बेसेडर प्रिंट करून दिली होती, रंग वगैरे मस्त झाला होता, एप्रिलमध्ये तिचं छत मधून खाली बसलं, फार वाईट वाटलं होतं. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन शंभरच्या जवळपास जाऊन मऊ होतं म्हणून ते टिकतं. चाकांसारख्या बारीक कामाला रेझिन प्रिंटर (पातळ रेझिन उजेडानं घट्ट करणारा) चांगला, कच्च्या रेझिनला उघड्या हातानं शिवू नका, ॲलर्जी होते, अन् ज्यात प्रिंट धुतलं ते अल्कोहोल मोरीत ओतू नका, उन्हात ठेवा, आपल्या उन्हात रेझिन घट्ट होऊन तळाला बसतं मग वेगळं काढता येतं.

प्रश्न: मी इतवारीतला जुना पेंटर, वय ६८. चाळीस वर्षं ट्रक, दुकानाच्या पाट्या, नंबर प्लेट रंगवल्या, मग रेडियम आलं अन् काम थांबलं. नातवानं १/२४ चा ट्रक बांधला, मागे स्टिकर नाही लावत म्हणतो, आजोबा तुम्ही लिहा. माझ्याकडे इनॅमल अन् जुने ब्रश आहेत. प्लास्टिकवर चालेल का? हात आता थोडा हलतो.

उत्तर: काका, तुमचं पत्र मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

इनॅमल चालतं, अन् तुमच्यासाठी तेच सगळ्यात चांगलं. नातवाला फक्त विचारा खालचा रंग लॅकर आहे का अन् पूर्ण वाळला का, आठ दिवस झाले असले म्हणजे पुरे. लॅकरवर इनॅमल बसतं, उलट केलं, इनॅमलवर लॅकर मारलं, तर सुरकुत्या पडतात, हे तुम्हाला पाट्यांवरून माहीतच असेल. म्हणून अक्षरांवर नंतर कॅननं लॅकरची चमक मारू नका म्हणावं त्याला. यात एक मोठी सोय आहे, अक्षर चुकलं तर टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळलेल्या कापडानं लगेच पुसा, खालच्या लॅकरला काही होत नाही. पाहिजे तितक्या वेळा लिहा. प्लास्टिक उघडं असेल तिथे मात्र टर्पेंटाइन जास्त घासू नका.

ट्रकच्या पाठीवर तुम्ही अर्ध्या फुटाचं अक्षर काढत असाल तर इथे ते सहा मिलिमीटरचं होईल. रंग नेहमीपेक्षा पातळ करा, पण ब्रश फार बारीक घेऊ नका, दोन केसांच्या ब्रशवर रंग मध्येच वाळतो. लांब केसांचा, टोक धरणारा, झिरो नंबरचा घ्या, त्यात रंग भरलेला राहतो अन् तुमच्या सवयीचा एका ओढीचा हात चालतो. हाताचं म्हणाल तर ट्रक टेबलावर ठेवून वाकून लिहू नका, छातीच्या उंचीला पुस्तकांवर ठेवा, दोन्ही मनगटं टेकवा, अन् पाटीवर काठीचा टेकू घेत होते तसाच इथेही घ्या, पेन्सिल पुरते. डोक्याला लावायचा भिंगाचा चष्मा घड्याळवाल्यांकडे मिळतो. इतकं लहान अंतर हाताला चालायचं असतं की थरथर पुष्कळदा दिसतही नाही, अन् दिसली तर ती तुमच्या हातची अक्षरं आहेत, नातवाला तीच पाहिजेत.

आता एक विनंती. वर खामल्याच्या ताईंना १९९६ च्या मारुतीची नंबर प्लेट पाहिजे, २१ बाय ५ मिलिमीटर, तेव्हाच्या खासगी गाडीसारखी काळ्यावर पांढरी (फोटोत पांढऱ्यावर काळी असेल तर तशी), पुढची अन् मागची, तेव्हाच्या पेंटरच्या वळणाची. ते वळण तुमच्याच हातात आहे. तुमची अन् ताईंची तयारी असेल तर दोघं मला या कॉलमच्या पत्त्यावर कळवा, पाटी इकडून तिकडे मी नेऊन देतो. ताई, तोवर प्लेट वेगळी पट्टी म्हणूनच कापून ठेवा, प्लेटच्या तळाच्या रंगाचा लॅकर मारून आठ दिवस वाळू द्या, बंपरला चिकटवू नका.